फुफ्फुसाचे लोब बनियनवर काढून शिका

लातूरला नीटची तयारी करणारी पोरं बघतो मी, फुफ्फुसाचे लोब, म्हणजे मोठे भाग, उजवीकडं ३ डावीकडं २ एवढंच घोकायलेत, अन् विचारलं की मधला लोब कुठंय रे, तर गप्प. आकडा नंतर, आधी दोन लोबमधल्या फटीची रेघ कुठून जाते ते बघा.

रूममेटला जुनं पांढरं बनियन घालून उभं करा, स्केचपेन घ्या. गळ्याच्या खड्ड्यातून बोट साधारण ५ सेंटीमीटर खाली सरकवलं की छातीच्या हाडावर आडवा उंचवटा लागतो, तिथं दुसरी बरगडी जुळते. तिथून मोजत चौथी अन् सहावी शोधा. निवांत मोजा, सगळे इथंच चुकतात.

आता त्याला दोन्ही हात डोक्यावर ठेवायला लावा अन् पाठीमागं जा. खांद्याचं फावड्यासारखं हाड तिरकं होतं बघा, त्याची आतली कड धरून रेघ ओढा, काखेखालून समोर सहाव्या बरगडीपर्यंत आणा. ही तिरकी फट दोन्ही बाजूला असते. उजव्या बाजूला अजून एक, चौथ्या बरगडीपासून आडवी, काखेखाली तिरक्या रेघेला भिडेपर्यंत. मधी जो तिकोना उरला तोच मधला लोब! अन् पाठीकडून बघा, जवळपास सगळा खालचाच लोब दिसतो, म्हणून मधला लोब ऐकायचा तर डॉक्टर स्टेथोस्कोप समोरून लावतात.

डावीकडं आडवी रेघ ओढू नका. तिथं हृदयानं जागा घेतलीय, जिभेसारखा एक तुकडा आहे, लिंगुला म्हणतात, पण तो वरच्याच लोबचा भाग. काही जणांची उजवीकडची आडवी फट पण अर्धवटच असते बरं का.

जालन्याची मोसंबी सोलून बघा, प्रत्येक फोडीला स्वतःची साल असते ना, तसं लोबवरचं पातळ आवरण फटीत आतपर्यंत शिरतं, अन् प्रत्येक लोबला हवेची स्वतंत्र नळी असते, म्हणून तर सर्जन एक लोब काढून टाकू शकतात अन् बाकीचे काम करत राहतात.

लिव्हरला मात्र ही युक्ती लावू नका. वरून जो पडदा दिसतो त्यानं उजवा-डावा धरला तर ऑपरेशनच्या हिशोबात चूक होते, खरी वाटणी पित्ताशयापासून मागच्या मोठ्या शिरेपर्यंतच्या रेघेनं होते. फ्रान्सच्या क्लोद कुइनो यांनी १९५७ मध्ये रक्तवाहिन्यांवरून त्याचे ८ भाग पाडले, ते वरून दिसतच नाहीत, त्यामुळं तिथं बनियन सोडा अन् आकृतीत आधी रक्तवाहिन्या रंगवा.