जळगावहून विमानाने कॅम्पिंगचं सामान नेताना स्टोव्हचा वास कसा घालवला

गॅसचं कॅनिस्टर (छोटा सिलिंडर) केबिनमध्ये चालत नाही, चेक-इनमध्येही नाही. ते लेह-मनालीला पोहोचल्यावरच घ्यावं. पेट्रोलवरच्या स्टोव्हची खरी अडचण वासाची. टाकी रिकामी केली तरी पंपाच्या वॉशरमध्ये इंधन मुरलेलं राहतं. म्हणून पंप सुटा करून टाकीसकट भांड्यांच्या साबणाने दोनदा धुतला, झाकण उघडं ठेवून दोन दिवस वाळवला. आपल्या खान्देशातलं ऊन इथे फार कामाचं, पण रबरी वॉशर सावलीतच ठेवावा, नाहीतर तडकतो. तरीही विमान कंपनीला आधी विचारावंच. काही कंपन्या वापरलेला स्टोव्ह घेत नाहीत.

चाकू, तंबूच्या खुंट्या, ट्रेकिंग पोल चेक-इनमध्ये. पॉवरबँक हातातल्या बॅगेतच, क्षमता १०० वॅट-तासांच्या (Wh) आत. सॅकचे बंद विमानतळावरच्या सरकत्या पट्ट्यात अडकून तुटतात. सॅक धान्याच्या पोत्यात घालून तोंड सुतळीने बांधावं. शिवू नये, तपासणीसाठी उघडावं लागतं.