ग्रास कटरला पातं लावून रानमोडी काढताना

देवगडात आमची आंब्याची कलमं कातळावर आहेत. दसरा झाला की बेणणी, म्हणजे बागेतलं गवत-झुडपं काढणं, सुरू. नुसत्या गवताला नायलॉनची दोरी पुरते, पण रानमोडी-घाणेरीसारख्या रानटी झुडपांत ती पाच मिनिटांत तुटते. तिथे मी 255 मिमीचं तीन दातांचं पातं लावतो.

मशीन बंद करा, स्पार्क प्लगची टोपी काढा. गिअरहेडच्या (दांड्याच्या टोकाच्या गिअरच्या डब्याच्या) भोकात एलन-की (सहा कोनांची चावी) घालून शाफ्ट अडकवा आणि नट सोडवायला घड्याळाच्या दिशेने फिरवा. आटे उलटे असतात. इथेच बरेचजण नट सोडवायच्या ऐवजी आवळतात. पात्याचं भोक वॉशरच्या कंगोऱ्यावर नीट बसलंय ना, बोट फिरवून बघा. केसभर तिरकं बसलं तरी मशीन हातात थरथरतं. दोरीचं गार्ड काढून पात्याचं गार्ड लावाच.

उजवीकडून डावीकडे, पात्याच्या डाव्या अंगाने कापा. उजवीकडचा पुढचा भाग खोडाला लागला की मशीन झटक्यात उसळतं. पंधरा मीटरच्या आत कोणी नको, डोळ्यांना चष्मा हवाच. पातं जमिनीपासून चार बोटं वर धरा. गेल्या साली जांभ्याच्या दगडाने दाताचा टवका उडाला आणि माझ्या गमबुटावर आदळला. तसं पातं घासून परत लावू नका. कलमाच्या बुंध्याभोवती हातभर जागा कोयत्यानेच साफ करा, साल सोलवटली तर झाड दुखावतं.