मोटारहोममागे छोटी गाडी: चारही चाकं रस्त्यावर ठेवून ओढताना

अमेरिकेत मोटारहोम, म्हणजे राहायची सोय असलेलं मोठं वाहन, कॅम्पग्राउंडमध्ये लावलं, वीज-पाणी जोडलं, की नुसतं दूध आणायचं म्हटलं तरी सगळं पुन्हा सोडवावं लागतं. म्हणून मागे छोटी गाडी घेतात. ती ट्रेलरवर चढवता येते, पुढची दोन चाकं डॉली नावाच्या दोनचाकी गाड्यावर ठेवून नेता येते किंवा चारही चाकं रस्त्यावर ठेवून टो बारने, म्हणजे दोन वाहनं जोडणाऱ्या दांड्याने, ओढता येते. ट्रेलर आणि डॉली मुक्कामी ठेवायला वेगळी जागा लागते. म्हणून सतत फिरणाऱ्यांना तिसरी पद्धत सोयीची पडते. तिच्यात एक गोष्ट सतत ध्यानात ठेवायला हवी: सहा टन वजनाचं मोटारहोम चालवताना मागच्या गाडीचा टायर फाटला किंवा ब्रेक अडकून धूर निघाला, तरी स्टीअरिंगवर बहुधा काहीच जाणवत नाही. त्यामुळे तपासणी निघण्याआधीच नीट करावी लागते.

गाडी छोटी आहे एवढ्याने भागत नाही, सगळं गिअरबॉक्सवर अवलंबून असतं. इंजिन बंद ठेवून गाडी ओढली की चाकं गिअरबॉक्समधले भाग फिरवत राहतात. बऱ्याच ऑटोमॅटिक आणि सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक प्रकार) गिअरबॉक्समध्ये तेल खेळवणारा पंप मात्र इंजिनावर चालतो. म्हणजे भाग फिरतात, तेल पोचत नाही आणि गिअरबॉक्स जळतो. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून हे टळत नाही. होंडा सीआर-व्ही २०१४पर्यंत अशी ओढता येत असे. २०१५च्या मॉडेलला सीव्हीटी आला आणि कंपनीची परवानगी गेली. टेस्लाची चाकं जमिनीवर ठेवून ओढायला कंपनी मनाई करते. जीप रँग्लर लोकप्रिय आहे ती ट्रान्सफर केसमुळे, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणाऱ्या भागामुळे: ही केस न्यूट्रलला टाकली की चाकांचा गिअरबॉक्सशी संबंधच तुटतो. विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका. त्याच वर्षाच्या मॉडेलच्या मालक-पुस्तिकेतला ‘रिक्रिएशनल टोइंग’ हा भाग स्वतः वाचा.

आता वजन. फोर्ड ई-४५० चॅसीचं उदाहरण घ्या. मोटारहोमचं कमाल भरलेलं वजन १४,५०० पौंड, मागच्या गाडीसकट एकूण मर्यादा २२,००० पौंड. वजाबाकी ७,५०० येते, पण हिचवर, म्हणजे मोटारहोमच्या मागच्या जोडावर, ५,००० लिहिलं असेल तर मर्यादा ५,०००च. हिच, उंची जुळवणारा अडॅप्टर, टो बार आणि गाडीच्या चॅसीला बोल्टने बसवलेली बेस प्लेट, यांत जो सर्वांत कमी क्षमतेचा, तोच आकडा धरायचा. टाक्या आणि सामान भरून ट्रक स्टॉपवरच्या कॅट (CAT) कंपनीच्या वजनकाट्यावर एकदा वजन करून घ्या.

टो बार जमिनीला समांतर हवा. हिच आणि बेस प्लेटच्या उंचीत तीन-चार इंचांपेक्षा जास्त फरक असेल, तर जोरात ब्रेक लागल्यावर गाडी मोटारहोमखाली घुसू पाहते किंवा तिचा मागचा भाग उचलला जातो. फरक भरून काढायला ड्रॉप रिसीव्हर, म्हणजे वर सांगितलेला उंची जुळवणारा अडॅप्टर, मिळतो.

जोडणी सपाट, सरळ जागेवर करा. गाडी मोटारहोमच्या रेषेत आणून हँडब्रेक लावा, टो बारचे दोन्ही हात बेस प्लेटला जोडा, पिना घालून त्यांच्या क्लिपा लावा. सेफ्टी केबल टो बारखालून एकमेकींना छेद देत अडकवा. वळणाला पुरेल एवढी ढील ठेवा, पण रस्त्याला घासू देऊ नका. मग विजेची केबल.

ऑटोमॅटिक रँग्लर असेल तर ब्रेक दाबून गिअर न्यूट्रलला घ्या, इंजिन बंद करा आणि ट्रान्सफर केस न्यूट्रलला टाका. इंजिन पुन्हा चालू करून आधी रिव्हर्स, मग ड्राइव्ह टाका. दोन्ही वेळा ब्रेक सोडून पाच-पाच सेकंद थांबा. गाडी जराही हलली तर ट्रान्सफर केस पूर्ण सुटलेली नाही. ही खात्री कधीही वगळू नका. नंतर गिअर पार्कमध्ये, इंजिन बंद, स्टीअरिंगचं लॉक सुटलेलं आणि शेवटी हँडब्रेक खाली. हँडब्रेक तसाच राहिला की मागचे ब्रेक आणि टायर काही मैलांत निकामी होतात.

गाडीला स्वतःचा ब्रेक हवाच. पुष्कळ राज्यांत ठरावीक वजनापुढे तो कायद्याने लागतो, आणि उतारावर कायद्याशिवायही. ब्रेक पेडल आपोआप दाबणारी, पेडलवर ठेवायची पेटी वापरत असाल तर बसवण्याआधी इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा. ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम शिल्लक राहिला तर पेटी गरजेपेक्षा कितीतरी जोरात ब्रेक लावते. टो बार तुटलाच तर गाडीचे ब्रेक आपोआप लावणारा ब्रेकअवे स्विच असतो. त्याची दोरी मोटारहोमच्या चॅसीला बांधा, टो बारला कधीच नाही.

मागच्या दिव्यांसाठी गाडीच्याच वायरिंगमध्ये जोड दिला तर डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) घालावे लागतात, नाहीतर उलटा करंट जाऊन गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स बिघडतात. दिव्याच्या घरात वेगळा बल्ब बसवणं अधिक निर्धोक. लांब प्रवासात बॅटरी उतरू नये म्हणून मोटारहोमवरून ती चार्ज करणारी वायर (चार्ज लाइन) टाकून घ्या.

निघाल्यावर शंभरेक फुटांवर कुणाला तरी बाहेर उभं करून चारही चाकं फिरताहेत ना, ते बघायला सांगा. पाच-दहा मैलांनी थांबून चाकांच्या मध्याजवळ हात न्या. एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक किंवा बेअरिंग अडकतंय. टायरच्या दाबाचे सेन्सर गाडीलाही बसवा. कॅलिफोर्नियात मागे वाहन असलं की वेगमर्यादा ताशी ५५ मैल.

रिव्हर्स अजिबात घेऊ नका. पुढची चाकं आडवी वळतात आणि टो बार वाकतो. म्हणून पेट्रोल पंपात शिरण्याआधीच बाहेर पडायची वाट बघून ठेवा. अडकलात तर गाडी टो बारपासून सोडवा आणि दोन्ही वाहनं वेगवेगळी काढा.

सोडवताना आधी हँडब्रेक लावा, मगच पिना काढा. ट्रान्सफर केस न्यूट्रलला असताना रँग्लर पार्कमध्ये असली तरी उतारावर घरंगळते.