ऊसतोडीच्या अड्ड्यावर आरोग्याचा सर्व्हे कसा करायचा

गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या वाळवा-कऱ्हाडकडं रानारानात ऊसतोड कामगारांच्या कोप्या म्हणजे झोपड्या उभ्या राहतात, त्या वस्तीलाच अड्डा म्हणतात, बीडची माणसं असतात तशी आपल्या जतची पण असतात, आणि गावाचा सर्व्हे होतो तेव्हा ही माणसं त्यात कुठंच नसतात कारण सर्व्हे चालतो घर नंबरवर आणि कोपीला कसला आलाय घर नंबर.

तर असं काम करणार असाल तर आधी प्रश्नावली छापू नका. दोन-तीन संध्याकाळी नुसतं जाऊन चुलीपाशी बसा. मुकादमाला, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराला, सांगून जा, नाहीतर दुसऱ्या दिवशी कुणी बोलणार नाही, पण त्याच्यासमोर काही विचारू नका, उचल, म्हणजे कामाआधीचे आगाऊ पैसे, त्याच्याकडनं घेतलेली असते.

आम्ही गरोदर बायांना विचारलेलं, गरोदरपणातल्या तपासणीला का गेला नाही? खाली पर्याय होते, अंतर, पैसे, माहिती नाही. एका ताईनं कोळसा घेतला आणि जमिनीवर आख्खा दिवसच काढून दाखवला, तीनला उठायचं, चारला फडात, मग मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. "सिस्टर अकराला येती, तवा माझ्या डोक्यावर मोळी असती, आन सुट्टी घेतली की खाडा पडतो." खाडा म्हणजे सुट्टीच्या दिवसाचा दंड, आमच्या एकाही पर्यायात हे नव्हतं!! त्या रात्री प्रश्न बदलला, तुम्ही कोपीवर किती वाजता असता? म्हणजे सिस्टरनी कधी यायचं ते कळेल.

मोजताना किती कोयते (नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता), किती गरोदर, पाच वर्षांखालची पोरं किती, एवढं पुरे. तपासणीचं कार्ड स्वतः बघा, ऐकून लिहू नका. हिमोग्लोबिन सिस्टरनाच तपासू दे, गरोदर बाईचं 11 च्या खाली असेल तर रक्त कमी धरतात. नावं शक्यतो लिहूच नका.

आणि आकडे एकत्र करू नका, हे फार महत्त्वाचं आहे. समजा गावात 40 पैकी 38 जणींची तपासणी झाली आणि अड्ड्यावर 10 पैकी 2 जणींची, तर एकत्र 80 टक्के दिसतात आणि सगळे खूश, पण अड्ड्यावर 20 टक्केच आहेत.

आकडे पहिल्यांदा त्या बायांनाच वाचून दाखवा, चुकलं असेल तर त्याच सांगतात. मग ग्रामसभा, आरोग्य केंद्र. राज्यात 2007 मध्ये लोकाधारित देखरेख सुरू झाली, म्हणजे सरकारी आरोग्य सेवेवर लोकांनीच लक्ष ठेवायचं, तिच्यात जनसुनवाई घेतल्या गेल्या, तसं लोकांना आणि अधिकाऱ्यांना समोरासमोर बसवलं तर कागद फाईलीत पडून राहत नाही.

फरक पडला का ते कसं ठरवायचं, हे पण त्यांनाच विचारा. सरकारी हिशोबात किमान 4 तपासण्या, पण आमच्याकडं बाया म्हणाल्या तपासणी झाली आणि खाडा नाही पडला तरच झालं म्हणायचं, म्हणून आम्ही खाडे पण मोजतो. सिस्टरची वेळ संध्याकाळची झाली की महिन्यानं तेच प्रश्न परत विचारा, पट्टा पडायच्या म्हणजे हंगाम संपायच्या आत, आणि माणसं गावी निघायच्या आधी प्रत्येकीचं कार्ड पूर्ण भरून तिच्या हातात द्या, बाळंतपण कदाचित जतला किंवा बीडला होणार असतं.