बर्फातला डोंगर, जोडीदार आणि वांड कुत्री : या चुका टाळा

बर्फातल्या डोंगरावर कुत्र्यांना घेऊन गेलेल्या जोडप्यांची फजिती बहुतेक वेळा एकाच कारणाने होते. दोघंही कुत्र्यांकडेच बघत असतात. एकजण पायात अडकलेली लीश (कुत्र्याला धरायची दोरी) सोडवतोय, दुसरी "अरे, टाक ते! तोंडातलं टाक आधी!" म्हणून ओरडतेय, आणि उतार कधी तीव्र झाला, वारा कधी फिरला, किती वाजले, हे कुणाच्या गावीही नाही. कुत्र्यांचा वांडपणा स्वतःहून क्वचितच जिवावर बेततो. त्यापायी डोंगराकडे पाठ फिरते, ते बेततं.

म्हणून निघण्याआधीच कामं वाटून घ्या. एकाने डोंगर सांभाळायचा, म्हणजे वाट, हवामान, घड्याळ आणि उतार. दुसऱ्याने कुत्री सांभाळायची. तासाभराने अदलाबदल करा, कारण दोन वांड कुत्री एवढ्या वेळात भल्याभल्यांचा संयम संपवतात. ज्याच्याकडे डोंगर आहे त्याने "थांब" म्हटलं की थांबायचं. वाद घरी गेल्यावर घाला.

चूक : हिवाळ्याच्या वाटेला उन्हाळ्याचा हिशेब लावणं

स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 मध्ये मांडलेला ठोकताळा ट्रेकर अजूनही वापरतात. 5 किलोमीटर चालीला एक तास, आणि चढाच्या दर 600 मीटरला आणखी एक तास. म्हणजे 10 किलोमीटरची वाट आणि 600 मीटर चढ असेल तर तीन तास. पण हा मोकळ्या, कोरड्या वाटेचा हिशेब झाला. भुसभुशीत बर्फ तुडवत वाट काढायची असेल तर वेळ दुप्पट धरा. वर कुत्र्यांचे थांबे वेगळे : पंजे साफ करा, सरकलेला कोट ओढा, मऊ बर्फात पोटापर्यंत रुतलेल्याला उपसून काढा. त्यात हिवाळ्याचा दिवस लहान. मागे फिरायची वेळ घरीच ठरवा आणि तिचा गजर लावा. गजर वाजला की शिखर समोर दिसत असलं तरी वळायचं.

जोडप्यांची खास अडचण वेगळीच असते. दमलेला माणूस सांगतच नाही. "ती एवढी खुशीत आहे, कशाला हिरमोड करायचा" असं त्याला वाटतं, आणि तिलाही त्याच्याबद्दल नेमकं तेच वाटत असतं. दोघंही एकमेकांसाठी चढत राहतात! यावर उपाय एकच. जो आधी "परत जाऊ" म्हणेल त्याला कारण विचारायचं नाही. शिवाय एकमेकांच्या हालचालींवर नजर ठेवा. बोलताना जीभ जड होणं, झिप लावता न येणं, सपाटीवरही पाय अडखळणं ही अंगातली ऊब कमी होत असल्याची लक्षणं आहेत. चिडचिडही त्यातच येते. एरवी कुत्र्यांचे लाड पुरवणारा माणूस अचानक त्यांच्यावर खेकसायला लागला, तर आधी त्याला आडोशाला बसवा, कोरडा थर चढवा आणि काहीतरी गोड खायला द्या. स्वभावाची चर्चा नंतर.

चूक : लीश चुकीची, आणि चुकीच्या जागी

कमरेला बांधायची लीश चढताना सोयीची असते. हात मोकळे राहतात, कुत्रं थोडं ओढतंही. मात्र उतरताना, पायाखाली कडक बर्फ असताना, खाली खार दिसली की तेच कुत्रं तुम्हाला उताराच्या दिशेने हिसका देतं. मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बुटांवर चढवायचे छोटे धातूचे काटे, असले तरी कमरेतून बसलेला धक्का सावरणं अवघड. उतार सुरू होण्याआधी लीश कमरेवरून काढा आणि हातात धरा, पण मनगटाला किंवा बोटांना वेढे देऊ नका. वेळ आलीच तर ती सुटली पाहिजे. तुम्ही घसरताना कुत्र्याला बरोबर ओढून नेण्यात कुणाचंच भलं नाही.

आत-बाहेर होणारी, डबीतली लीश घरीच ठेवा. ओला बर्फ आत गेला की ती अडकते, आणि जाड हातमोज्यातून तिचं बटण धड दाबताही येत नाही. साध्या लीशचा हुकही गोठतो. तेव्हा लोक त्यावर तोंडाने वाफ सोडतात. वाफेतलं पाणी तिथेच पुन्हा गोठतं आणि हुक आधीपेक्षा घट्ट बसतो. हातमोजा काढून हुक थोडा वेळ मुठीत धरा, मग हळूच हलवा. बर्फ वितळून खळकन सुटतो. हात ओला असेल तर मात्र उघड्या धातूला लावू नका, कातडी चिकटते.

दोन्ही कुत्री एकाच वेळी मोकळी सोडू नका. पुढच्यास ठेच लागली की मागचा शहाणा होतो म्हणतात, कुत्र्यांच्या बाबतीत ते साफ खोटं आहे. पुढचं जिथे धडपडतं तिथेच मागचं आनंदाने उडी मारतं. एक मोकळं आणि एक लीशवर असलं की मोकळं सुटलेलंही फार लांब जात नाही. तेही फक्त रुंद, सपाट आणि नजरेच्या टप्प्यातल्या जागी, आणि जिथे कुत्री मोकळी सोडायला परवानगी आहे तिथेच. हिवाळ्यात रानातले प्राणी साठवलेल्या चरबीवर दिवस काढत असतात. कुत्र्याच्या दोन मिनिटांच्या मौजेसाठी त्यांना जी धाव घ्यावी लागते, ती त्यांना फार महाग पडते.

चूक : हातमोजा पळवला म्हणून मागे धावणं

हे नेहमीचंच. फोटो काढायला हातमोजा काढून बर्फावर ठेवला, की वांडाने तो उचलला. मग मान खाली, ढुंगण वर, शेपूट गरागरा, आणि तुम्ही एक पाऊल टाकलं की ते दहा पावलं पुढे. तुमच्या लेखी हातमोजा गेला, त्याच्या लेखी खेळ सुरू झाला. धारेवर हा खेळ जिवाशी असतो. वाऱ्याने वाहून आणलेला बर्फ धारेच्या पलीकडे छज्जासारखा बाहेर साठतो, त्याला कॉर्निस म्हणतात. वरून तो सरळ सपाट जमीनच वाटतो. खाली आधार नाही हे कुत्र्याला कळत नाही आणि मागे धावणाऱ्यालाही कळत नाही. शिवाय कॉर्निस तुटतो तेव्हा नेमका कडेलाच तुटतो असं नाही. पुष्कळदा आपण पक्की जमीन समजून उभे असतो तिथपर्यंतचा भाग घेऊन तो जातो.

म्हणून मागे धावू नका. उलट्या दिशेने, धारेपासून लांब, आरडाओरडा करत पळा. बहुतेक कुत्र्यांना पाठलाग करून घेण्याइतकाच पाठलाग करायलाही आवडतो. आलं की हातमोज्याच्या बदल्यात खाऊ द्या, रागावू नका. रागावलात तर पुढच्या वेळी ते परतच येणार नाही. जादा हातमोज्यांचा जोड पिशवीत हवाच, आणि काढलेला हातमोजा जमिनीवर नाही, जॅकेटच्या आत ठेवायचा. धारेवर आणि कड्याजवळ दोन्ही कुत्री आखूड लीशवर. काठी किंवा बर्फाचा गोळा फेकायचा झालाच तर कायम डोंगराच्या आतल्या बाजूला.

वाट ओढ्यावरून जात असेल तर वांड कुत्र्याचा दुसरा उद्योग सुरू होतो, तो म्हणजे उकरणं. बर्फाखालून वाहणाऱ्या पाण्याचा आवाज त्याला तुमच्याआधी ऐकू येतो. कान टवकारून, मान वाकडी करून ते एकाच जागी उकरायला लागलं, की त्याला हाक मारून मागे घ्या आणि खाली पोकळी आहे असं समजून लांबून वळसा घाला. सूचिपर्णी झाडांच्या बुंध्याभोवतीही असाच दगा असतो. फांद्यांखाली बर्फ सैल राहतो आणि आत खोल खळगा असू शकतो.

चूक : पंज्यांकडे उशिरा लक्ष देणं

कुत्र्याच्या पंज्यात निसर्गाने चांगली सोय केलेली आहे. तिथल्या धमन्या आणि शिरा इतक्या जवळ असतात, की पायाकडे जाणारं गरम रक्त परतणाऱ्या गार रक्ताला वाटेतच ऊब देतं. त्यामुळे नुसत्या गार बर्फावर चालणं निरोगी कुत्र्याला सहसा बाधत नाही. खरा त्रास बोटांमधल्या केसांना चिकटणाऱ्या बर्फाच्या गोळ्यांचा. ते सुपारीएवढे होतात, बोटं फाकवतात, कातडी खेचतात. कुत्रं थबकतं, पंजा चावायला लागतं, तीन पायांवर उभं राहतं. आपल्याला वाटतं नाटक करतंय.

जायच्या आधी बोटांमधले केस तळव्याच्या पातळीला कापा आणि पंज्यांना मेणाचा बाम चोळा. वाटेत गोळे दिसले तर ओढून उपटू नका, केसांबरोबर कातडीही दुखावते. उघड्या तळहातात पंजा धरा, गोळा सैल होतो, मग बोटाने फोडा. बूट घालणार असाल तर त्यांची सवय घरात आठवडाभर आधी करा. पायथ्याशी पहिल्यांदा घातलेले बूट कुत्रं वर पोचेपर्यंत एकेक करून बर्फात पेरून मोकळं होतं. आणि तुमच्या पायाला स्पाइक्स किंवा क्रॅम्पॉन (त्याहून लांब दातांचे) असतील तर कुत्रं पायात घुटमळणार नाही इतकं अंतर ठेवा. त्या दातांखाली पंजा आला तर चांगलाच चिरतो.

चूक : "त्याच्या अंगावर केस आहेत, त्याला काय थंडी"

कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण 38 ते 39 अंश सेल्सिअस असतं, आपल्यापेक्षा थोडं जास्त. जाड दुहेरी केसांच्या कुत्र्याला कोट घातला तर उलट उकडेल. आखूड केसांचं, बारीक, म्हातारं किंवा पिल्लू असेल तर मात्र कोट हवाच, आणि बुटक्या कुत्र्याला पोट झाकणारा हवा. कोट आतून ओला झाला तर काढून टाका, ओला कोट नसल्यापेक्षा वाईट. वारा हिशेबात धरायला विसरू नका. उणे 10 अंशाला ताशी 30 किलोमीटर वारा असेल, तर उघड्या कातडीला ती थंडी उणे 20 सारखी लागते.

कुत्रं कुडकुडतंय, पाठ वाकवून चालतंय, सारखं मागे वळून बघतंय, खाऊकडे ढुंकून बघत नाही, म्हणजे आता परतायचं. कुडकुडणं थांबलं पण कुत्रं सुस्तच आहे, तर ते बरं झालं असं समजू नका, परिस्थिती बिघडल्याची ती खूण आहे. वाऱ्याआड न्या, पुसून कोरडं करा, तुमच्या जॅकेटमध्ये घ्या, शक्य तितक्या लवकर खाली उतरा आणि पशुवैद्याकडे न्या. कानाची टोकं, शेपटीचं टोक किंवा बोटं फिकट आणि कडक लागली तर हिमदंशाची शंका घ्या. तिथे चोळायचं नाही, बर्फाने तर नाहीच. पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तोवर तो भाग गरम करायलाही घेऊ नका.

बर्फ खाऊन कुत्र्याची तहान भागते हाही गैरसमजच. आतून शरीर गार होतं, पोट बिघडतं. थर्मासमधलं कोमट पाणी थोडं थोडं देत राहा.

कुत्रं उचलून आणायची वेळ आली तर कसं आणणार, हे घरीच करून बघा. तीस किलोचं कुत्रं एकट्याने बर्फातून आणणं बहुतेकांना झेपत नाही. पाठीवर अडकवायचा स्लिंग मिळतो, तो जवळ ठेवा.

चूक : हिमस्खलनाचा अंदाज न वाचणं

इथे वांडपणाचा विषय संपतो. बहुतेक हिमस्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारांवर सुटतात. तुमची वाट स्वतः सपाट असली तरी अशा उताराच्या खालून जात असेल तर धोका तितकाच. इशाऱ्याच्या पातळ्या 1 ते 5 असतात. 3 ही मधली, म्हणजे ठीक असेल, असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात तीव्र उतारांवर त्या दिवशी एका माणसाच्या वजनानेही बर्फ सुटू शकतो. अशा भूभागात जायचं तर प्रशिक्षण, ट्रान्सीव्हर (गाडल्या गेलेल्याला शोधायला संदेश पाठवणारं-पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून चाचपायची लांब काठी) आणि फावडं दोघांकडेही हवं. कुत्री बरोबर असतील तर मी तो दिवस सरळ जंगलातल्या मंद उताराच्या वाटेला देईन.

माणसाचा ट्रान्सीव्हर प्रेमापोटी कुत्र्याला बांधू नका. शोधणाऱ्याला संदेश माणसाचा की कुत्र्याचा हे कळत नाही. गाडल्या गेलेल्या माणसाची वाचण्याची शक्यता पहिल्या 10-15 मिनिटांनंतर झपाट्याने घसरते, आणि तो वेळ चुकीच्या जागी खणण्यात जातो.

गोठलेल्या तळ्यालाही हेच लागू. कुत्रं बर्फ फुटून पाण्यात पडलं तर मागे जाऊ नका. कुत्री पुष्कळदा स्वतःहून बाहेर येतात, त्यांच्या मागे गेलेला माणूस मात्र बुडतो. काठावरूनच हाका मारत राहा, जिथून आत गेलं त्याच बाजूला बोलवा, आणि मदत मागवा.

कुत्रं दिसेनासं झालं तर

दोघांनी दोन दिशांना पांगू नका, नाहीतर शोधायला तिघं होतात. जिथून ते गेलं तिथेच एक अंगातला कपडा टाका, काही वेळ थांबा, मधून मधून हाक मारा. बरीच कुत्री आपल्याच वासावरून मागे येतात. बर्फात ठसे असतात, पण ते तुडवत कड्याकडे जायचं नाही. जीपीएस गळपट्टा असेल तरी त्याची आणि फोनची बॅटरी थंडीत लवकर उतरते. फोन आतल्या खिशात, अंगाशी ठेवा. अंधार पडायला लागला तर खाली उतरून स्थानिक बचाव पथकाला कळवा.

घरी आल्यावर

रस्त्यावरच्या बर्फावर मीठ टाकलेलं असतं, म्हणून पंजे कोमट पाण्याने धुवा, बोटांमध्ये भेगा आहेत का बघा. दुसऱ्या दिवशीही लंगडत असेल तर डॉक्टरकडे न्या. आपल्यासाठीची वेदनाशामक गोळी, विशेषतः आयबुप्रोफेन, त्याला देऊ नका, ती कुत्र्यांना विषारी असते. वाटेत खायला घेतलेलं चॉकलेट, मनुका आणि झायलिटॉलचं (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) च्युइंगगम यांचंही तेच. उरलेलं त्याचं नाक पोचणार नाही अशा जागी ठेवा.

आणि खिसे रिकामे करताना हात गरम ठेवायच्या पुड्या मोजा. एकदाच वापरायच्या त्या पुड्यांमध्ये लोखंडाचा भुगा असतो, आणि जॅकेट जमिनीवर पडलं की वांडाचं पहिलं नाक खिशातच जातं. एखादी फाटलेली किंवा कमी दिसली तर सकाळची वाट बघू नका. वेष्टन हातात धरून लगेच पशुवैद्याला फोन लावा.