क्युबरनेटीसमधली सीक्रेट्स डिस्कवर एन्क्रिप्ट कशी करावीत

समजा, रत्नागिरीतल्या तुमच्या ऑफिसात हापूसची ऑनलाइन विक्री क्युबरनेटीसवर, म्हणजे अनेक मशीनच्या समूहावर (क्लस्टरवर) अॅप्स चालवणाऱ्या प्रणालीवर, चालते. डेटाबेसचा पासवर्ड, पेमेंट गेटवेची की, सगळं ‘सीक्रेट’ म्हणून ठेवलंय. पण मुळातल्या सेटिंगमध्ये ते ईटीसीडीत, म्हणजे क्लस्टरच्या डेटाबेसात, उघडंच साठतं. सीक्रेट वाचताना ते बेस६४ या रूपात, अगम्य अक्षरांसारखं दिसतं, पण ते एन्क्रिप्शन नव्हे, कुणीही क्षणात उलटवू शकतं. पावसात काही बिघडेल म्हणून बॅकअपची डिस्क पुण्याला पाठवलीत आणि ती वाटेत हरवली, तर पासवर्डही गेले.

हे काम आंब्याचा सीझन सुरू व्हायच्या आधी करा. आधी ईटीसीडीचा स्नॅपशॉट घ्या. मग ३२ बाइटची रँडम की बनवून बेस६४ मध्ये लिहा. ‘एन्क्रिप्शन कॉन्फिगरेशन’ नावाची वायएएमएल फाइल करून त्यात सीक्रेट्ससाठी पहिला प्रोव्हायडर (एन्क्रिप्शनची पद्धत) सीक्रेटबॉक्स द्या आणि त्याखाली आयडेंटिटी, म्हणजे एन्क्रिप्ट न करता तसंच ठेवणारा. हा क्रम चुकवू नका: लिहिताना पहिलाच प्रोव्हायडर वापरला जातो, वाचताना सगळे. आयडेंटिटी वर गेली, तर काहीच एन्क्रिप्ट होणार नाही आणि एररही दिसणार नाही. बऱ्याच जुन्या लेखांत एईएस-सीबीसी हा प्रोव्हायडर सापडेल. पॅडिंग ऑरॅकल हल्ल्याच्या (एररच्या प्रतिसादांवरून मजकूर उलगडण्याच्या) धोक्यामुळे क्युबरनेटीसचं डॉक्युमेंटेशनच ते वापरू नका म्हणतं.

फाइल फक्त रूटला वाचता येईल अशी ठेवा. एपीआय सर्व्हरच्या (क्लस्टरकडे येणाऱ्या विनंत्या घेणाऱ्या सर्व्हरच्या) मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये, ती माउंट करा, तिचा पाथ एन्क्रिप्शन प्रोव्हायडर कॉन्फिगच्या फ्लॅगला द्या. सर्व्हर रीस्टार्ट होईल, चालू पॉड (अॅप्सचे चालते भाग) चालूच राहतील. कंट्रोल प्लेनचे (क्लस्टर सांभाळणाऱ्या भागाचे) नोड, म्हणजे मशीन, अनेक असतील, तर प्रत्येकावर तीच फाइल हवी. के-थ्री-एस ही क्युबरनेटीसची हलकी आवृत्ती वापरत असाल तर एवढा खटाटोप नाही, त्यात सीक्रेट एन्क्रिप्शनचा तयार फ्लॅग आहे.

आता बहुतेक जण विसरतात ते: जुनी सीक्रेट्स आपोआप बदलत नाहीत. सगळ्या नेमस्पेसमधली (क्लस्टरच्या कप्प्यांमधली) सीक्रेट्स क्युबसीटीएल या कमांडने वाचून ‘रिप्लेस’ने परत लिहा. मग ईटीसीडीतून एखादं थेट काढून बघा. सुरुवातीला ‘के-एट-एस, एन्क, सीक्रेटबॉक्स’ असा शिक्का दिसला पाहिजे. सगळं नीट उतरलं की आयडेंटिटी काढून टाका.

की बॅकअपच्याच डिस्कवर ठेवलीत, तर हा सगळा उद्योग फुकट. ती वेगळ्या जागी हवी, आणि हवीच: की हरवली तर तुमचा डेटा तुम्हालाही मिळणार नाही. जमत असेल तर केएमएस, म्हणजे की सांभाळणारी वेगळी सेवा, जोडा. त्याची दुसरी आवृत्ती क्युबरनेटीस १.२९ पासून स्थिर आहे. क्युबसीटीएलने सीक्रेट वाचायची परवानगी असलेल्याला मात्र यातलं काहीच अडवत नाही. त्यासाठी आरबीएसी, म्हणजे कोणाला काय करता येईल हे ठरवणारे परवानगीचे नियम, बघा.

आधीच पुण्याला गेलेले बॅकअप अजून उघडेच आहेत. ते नष्ट करा, नाहीतर त्यातले पासवर्ड बदला.