पहिला पाऊस पडायच्या आत बागेत एवढं करा, खाडी वाचेल

मंडळी, मे सरत आलाय आणि बागेतली कामं उरकायची सगळ्यांचीच घाई चाललीय, पण देवगड, मालवण, राजापूरकडे ज्यांच्या बागा उतारावर आहेत त्यांनी हे जरूर वाचा. आपल्या आंब्याच्या कलमाखालचं पाणी पऱ्यातनं म्हणजे बारक्या ओहोळातनं व्हाळात म्हणजे ओढ्यात, व्हाळातनं नदीत आणि तिथनं खाडीत जातं. वाघोटणचं विजयदुर्गला, गडनदीचं कालावलीला, कर्लीचं देवबागला. 1 जूनपासून यांत्रिक बोटी बंद होतात कारण पावसाळ्यात बऱ्याच मासळीची वीण असते, आणि नेमकं तेव्हाच वर्षभराची घाण पहिल्या दोन-चार जोरदार सरींत एकदम खाली उतरते.

सगळ्यात आधी औषधाच्या बाटल्या. आंब्याच्या मोहोरावर तुडतुड्यासाठी (रस शोषणारी कीड) मारलेल्या सायपरमेथ्रीन, लॅम्बडाच्या रिकाम्या बाटल्या अजून मांगराच्या (बागेतल्या खोपीच्या) मागे नायतर गडग्याला (दगडी कुंपणाला) पडलेल्या असतात, कधी बूच उघडं, तळाला चमचाभर औषध शिल्लक. ही औषधं मासळीला आणि कोळंबीला भयंकर विषारी, अगदी थोडी गेली तरी नुकसान होतं. आजच गोळा करा, हातमोजे घालून. यापुढे बाटली संपली की तिथल्या तिथे तीनदा विसळायची, विसळलेलं पाणी पंपातच ओतायचं आणि बाटलीला भोक पाडायचं म्हणजे कोणी तेलापाण्याला वापरणार नाही. व्हाळात पंप धुणं तर बंदच करा, कितीही सोयीचं वाटलं तरी.

पोफळीवर (सुपारीवर) बोर्डो म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक मारणाऱ्यांनी पण हेच लक्षात ठेवा. एक टक्क्याला 1 किलो मोरचूद (तांब्याचं सल्फेट), 1 किलो चुना, 100 लिटर पाणी हे सगळ्यांना पाठ आहे, पण उरलेलं अर्धं ड्रम कुठे जातं? तांबं मासळीला वाईट आणि ते कुजून नाहीसं होत नाही, खाडीच्या चिखलात बसतं. जेवढी झाडं तेवढंच बनवा, उरलंच तर त्याच बागेतल्या राहिलेल्या पोफळींवर मारून संपवा. आणि फवारल्यावर कोरडं व्हायला वेळ मिळेल अशी उघडीप बघा, नायतर औषधही गेलं आणि मजुरीही.

आता खत. कलमांना जूनमध्ये खत घालतो ते बरोबर आहे, पण बुंध्याभोवती युरिया फेकून मोकळं होऊ नका. युरियात 46 टक्के नत्र, पाण्यात लगेच विरघळतं, एक जोराची सर आली की निम्मी गोणी व्हाळात गेली समजा आणि खाडीच्या पाण्यात शेवाळ माजवायला तेच कारण होतं. फांद्यांच्या घेराच्या थोडं आत वीतभर खोल चर खणा, शेणखत आणि खत घालून मातीनं झाका. जमिनीत ओल झालेली हवी पण मुसळधार चालू असताना किंवा हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट असताना खताला हात लावू नका, दोन दिवस थांबलात तर काही बिघडत नाही.

भाताला दापोली विद्यापीठाची ब्रिकेट वापरा, युरिया-डीएपीची 2.7 ग्रॅमची गोळी. लावणी झाली की चार चुडांच्या (लावलेल्या रोपांच्या जुडग्यांच्या) मध्ये एक, 7 ते 10 सेंमी खोल चिखलात दाबायची. वाकून वाकून कंबर दुखते हे खरं, पण खत चिखलातच राहतं, मळ्याच्या पाण्याबरोबर वाहून जात नाही, आणि चढणीचे (पावसात प्रवाहाविरुद्ध वर चढणारे) मासे त्याच पाण्यात येतात हे विसरू नका.

मातीबद्दल मला जास्त कळकळीनं सांगायचंय. जेसीबी लावून उतार सपाट करायचा आणि माती तशीच उघडी सोडायची हे आता फार वाढलंय, मग जूनमध्ये व्हाळ लाल होऊन वाहतो आणि ती माती खाडीत तिसऱ्यांवर, कालवांवर (शिंपल्यातल्या जिवांवर) बसते. पाणी गाळून खाणारी ही जीवं, चिखलाखाली गुदमरतात आणि ज्या बाया ओहोटीला तिसऱ्या वेचून घर चालवतात त्यांचं उत्पन्न जातं. काम आत्ताच संपत नसेल तर दिवाळीनंतर करा. आधीच झालं असेल तर उताराला आडवे चर खणा, बांधावर वाळा किंवा गिरीपुष्प लावा, गिरीपुष्पाचा पाला भाताला खत म्हणून पण होतो. तणनाशक मारून सगळं उघडं बोडकं करू नका, ग्रास कटरनं कापा म्हणजे मुळं माती धरून राहतील, आणि व्हाळाच्या कडेनं निदान आठ-दहा फूट गवत न कापता ठेवा.

गोठ्याचं पाणी व्हाळाकडे जात असेल तर ते माडाच्या आळ्यात वळवा, आणि उकिरड्यावर पाऊस लागायच्या आत झावळ्यांचं छप्पर घाला.